गुलखैऱ्याचा आडोसा

"आत्या! अगं, काय चाललंय तुझं?"

माझ्या एका हातात कंगवा होता, वेणी अर्धी सुटलेली होती आणि मागच्या अंगणात बनूआत्या कमरेला पदर खोचून कोयत्यानं गुलखैरे तोडत होती. एखाद-दुसरा नव्हे, अख्खी रांग. माझ्या डोक्यावर गेलेली, बुडापासून शेंड्यापर्यंत लगडलेली झाडं एकामागून एक आडवी होत होती. गुलाबी, पांढरी, फिकी पिवळी आणि ती गडद तांबडी, जी सावलीत काळीच दिसायची.

आत्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मागे सर. अंगावर पडेल."

"आज प्रधान यायचेत!"

"माहीत आहे की."

"ही फुलं बघायला यायचेत ते!"

"तुला बघायला यायचेत," आत्या म्हणाली आणि पुढच्या झाडाच्या बुंध्यावर घाव घातला. "का फुलांशी लग्न लावायचंय त्यांना मुलाचं?"

मी किंचाळले. खोटं कशाला बोलू, चांगली गल्लीत ऐकू जाईल अशी किंचाळले. आई पिठानं भरलेले हात घेऊन धावत आली. बाबा अर्ध्या गालाला साबण लावलेले तसेच बाहेर आले. दोघंही दारात थिजले. आईनं पिठाचा हात कपाळावर मारून घेतला, त्याची पांढरी बोटं दुपारपर्यंत तिच्या कपाळावर होती आणि आम्हा कुणाला ती पुसायला सांगायचंही सुचलं नाही.

"वन्सं, अहो काय हे! मुलीच्या आयुष्याचा दिवस आहे आज!"

"म्हणून तर," आत्या म्हणाली.

"म्हणून तर काय? बनूताई, म्हणून तर काय?" बाबांनी विचारलं.

शेवटची दोन झाडं राहिली होती, तीही आत्यानं पाडली. मग कोयता भिंतीला टेकवून ठेवला, तोंडावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "झालं. आता ओरडून काही ती परत चिकटायची नाहीत. वहिनी, कानवल्यांचं पीठ सुकेल."

ही गोष्ट देवळाली कॅम्पातली. मी तेव्हा बाविशीच्या घरात होते आणि बी.ए. होऊन घरी बसले होते. बाबा तोफखान्याच्या कचेरीत कारकून. आम्ही राहायचो तो एका जुन्या इंग्रजी बंगल्याचा मागचा भाग. खोल्या लहान, पण अंगण भलं ऐसपैस. अंगणाच्या टोकाला साहेबांच्या काळातला टोपलीचा संडास होता. आमच्या वेळी तो बंदच पडलेला, पण वास्तू उभी होती आणि ती कितीही चुना लावला तरी जी होती तीच दिसायची. तिच्या मागे बुटकी भिंत, भिंतीत भंग्यासाठी ठेवलेलं छोटं दार आणि पलीकडे अरुंद गल्ली. हे सगळं झाकायला म्हणून बनूआत्यानं गुलखैरे लावले होते.

बनूआत्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला आणि ती जी आमच्याकडे आली ती आमचीच झाली. मला तर तिनंच वाढवलं. आई कडक, आत्या मऊ, असं आमच्या घरातलं वाटप होतं. पण घरात काही मंगल कार्य निघालं की आत्या आपण होऊन मागे जायची. हळदीकुंकू असो, बारसं असो, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या पुढे ती येत नसे. कुणी तिला 'येऊ नको' म्हणालं असेल असं मला आठवत नाही. 'ये' असंही कुणी म्हणालेलं आठवत नाही.

गुलखैऱ्याला आई नाकं मुरडायची. "वास नाही, काही नाही. देवाला चालत नाही, केसात टिकत नाही. कशाला हवं असलं परदेशी ध्यान?" त्यात पहिल्या वर्षी त्याला फूलच आलं नाही. नुसती खरखरीत गोल पानं पसरली, भोपळ्याच्या वेलासारखी. आई म्हणाली, उपटून मेथी लावा. आत्या म्हणाली, "थांबा वहिनी, थंड मुलखातलं बी आहे, त्याला दुसरा हिवाळा लागतो." आणि दुसऱ्या वर्षी माघात ते जे उंच निघालं, ते बघायला कॅम्पातली माणसं यायला लागली. खालची कळी आधी उमलायची, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. फुलं शेंड्याला पोचेपर्यंत होळी उलटून जायची.

आत्या मराठी चौथी शिकलेली. पण गुलखैऱ्याचं तिला इतकं काही ठाऊक असायचं की मी बघतच राहायचे. एकदा पानांवर तांबेरा पडला होता, ती पानं खुडताना मला म्हणाली, "हे मूळचं चीनकडचं बरं का. तिथून फिरत फिरत विलायतेला गेलं. म्हणे धर्मयुद्धाला गेलेले गोरे शिपाई घेऊन गेले. घोड्यांचे पाय सुजले की ह्याचा पाला बांधायचे."

"तुला गं कुणी सांगितलं?"

"ऐकलं कुठेतरी." मग स्वतःशीच हसायला लागली. "आणि विलायतेतल्या बायका पण आपल्यासारख्याच संडासापुढे लावायच्या हे. पाहुणी आली की तिला विचारायला लाज वाटायची ना, मग ती म्हणायची, तुमचे गुलखैरे कुठे आहेत हो? की यजमानीण समजायची."

मी पोट धरून हसले. पण 'कुठेतरी' म्हणजे कुठे, हे कोडं मनात राहिलंच. आमच्या घरी पेपर यायचा, तोही बाबा कचेरीत घेऊन जायचे.

आणखी एक गोष्ट होती, आणि तिची आम्हाला जरा काळजीच वाटायची. आत्या त्या झाडांशी बोलायची. संध्याकाळी पाणी घालायला म्हणून गुलखैऱ्याच्या मागे जायची आणि तिथून तिचा आवाज यायचा. हळू, एकसारखा. मधेच हसायची. एकदा तर भांडली सुद्धा, "नाही म्हणजे नाही, मला हे असलं पटत नाही," असं काहीसं. बाबा म्हणायचे, "एकटी बाई आहे, बोलेना का झाडांशी." आई माझ्याकडे बघून म्हणायची, "बोलू देत हो, पण शरयूचं ठरेपर्यंत जरा हळू बोलू देत. घरात वेडाचा अंश आहे असं उठलं तर कोण करील पोरीला?"

तर असं होतं. आणि प्रधानांचं स्थळ आलं होतं.

मला मुकुंद प्रधान आवडला होता, हे स्पष्टच सांगते. ठाण्याला मावसबहिणीच्या लग्नात आम्ही भेटलो होतो. भेटलो म्हणजे काय, पंक्तीत तो वाढत होता आणि मी मठ्ठा नको म्हटलं तरी त्यानं ओतला, आणि मग सॉरी म्हणताना माझ्या साडीवरही सांडला. ओझरला कारखान्यात नोकरी, उंच, आणि बोलताना कानाची पाळी ओढायची सवय. त्यानंतर कितीतरी दिवस मला जेवण गोड लागत नव्हतं. त्याची आई नाशकातली बागेची शौकीन बाई. मध्यस्थानं तिला सांगून ठेवलं होतं की कारखानीसांकडे, म्हणजे आमच्याकडे, असे गुलखैरे आहेत की सबंध कॅम्पात तसे नाहीत. तिनं निरोप धाडला होता, मुलगी बघू आणि फुलंही बघू, चहा बागेतच घेऊ. आम्हालाही ते बरंच होतं, कारण आमच्या बैठकीच्या खोलीत चार पाहुणे बसले की पाचव्याला दारात उभं राहावं लागायचं.

आणि त्या दिवशी सकाळी आत्यानं ती सगळी फुलं आडवी केली होती.

माझं तर डोकंच चालेना. रागावू की रडू की आत्याच्या कपाळाला हात लावून ताप बघू? आई स्वयंपाकघरात कानवले लाटत होती आणि लाटण्यापेक्षा जास्त आपटत होती. "जळतं हो माणसाचं. आपलं झालं नाही की दुसऱ्याचं बघवत नाही."

"काहीतरीच काय बोलतेस!" बाबा म्हणाले. "बनूताई असली नाही."

"मग कसली आहे? सांगा ना, कसली आहे?"

बाबा कातडी सोलली जाईल अशी दाढी करत राहिले.

मी मागे गेले. आत्या तोडलेले दांडे उचलून भिंतीशी रचत होती. तिच्या हातांना चीक लागला होता आणि डोळे लाल होते. रडलेले होते की उन्हानं, ते मला ओळखता आलं नाही.

"आत्या, माझ्यावर रागावलीस का?"

"तुझ्यावर? वेडी की काय तू."

"मग का तोडलीस? खरं सांग. तुला काही होतंय का? डोक्यात काही आवाज वगैरे..."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसली की मीच घाबरले. "आवाज! नाही गं बाई, आवाज नाही येत." मग हातातला दांडा खाली ठेवून जवळ आली. "शरू, मला एक सांग. समज, तुझं तिथे लग्न झालं. आणि मग एक दिवस त्यांना आपल्या घरातलं असं काही कळलं, जे तुझ्या आईबापांनी सांगितलं नव्हतं. तर ती माणसं कुणाला बोल लावतील?"

"मला."

"आयुष्यभर?"

"लावतील. पण असं काय कळणार आहे त्यांना?"

"त्यांना तू नको असलीस ना, तर आजच नको असू दे. मला एवढंच कळतं."

मला वाटलं, ती स्वतःच्या वेडाबद्दल बोलते आहे. म्हणजे तिलाही ठाऊक आहे! मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "आत्या, आपण नाशिकला दाखवू कुणाला तरी. हल्ली गोळ्या असतात." ती माझ्या अर्ध्या वेणीकडे बघत राहिली आणि तिथेच, त्या आडव्या पडलेल्या फुलांच्या मध्ये उभं करून तिनं माझी वेणी घालून दिली. घट्ट, लहानपणी घालायची तशी.

दुपारी आईनं दोन हुकूम सोडले. पहिला, आत्यानं राममंदिरात कीर्तनाला जावं आणि दिवेलागणीशिवाय येऊ नये. आत्या शांतपणे म्हणाली, "मी कुठे जाणार नाही. पण पुढे येणार नाही, काळजी करू नका. मागेच बसेन. आजवर बसलेच आहे ना?" दुसरा हुकूम मला. पलीकडच्या गल्लीतल्या साळवे मास्तरांकडे जाऊन कुंड्या मागून आण. निदान ती उजाड जागा तरी भरून निघेल.

साळवे मास्तर मिशनच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त झाले होते. बायको जाऊन खूप वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. रविवारी काळा कोट घालून प्रार्थनेला जायचे, बाकी सगळा आठवडा कुंड्यांमध्ये. आमचं आणि त्यांचं जाणं-येणं असं काही नव्हतं. ख्रिस्ती म्हणून आई त्यांच्याकडचं पाणी प्यायची नाही, पण कलमं मागून आणायची.

मी गेले तेव्हा मास्तर ओसरीत बसून बूट पुसत होते. मला बघून एकदम उभे राहिले, एकाच पायात बूट.

"मास्तर, आईनं कुंड्या मागितल्यात. शेवंती असेल, काही असेल, फुललेलं. संध्याकाळी परत आणून देऊ."

"कुंड्या? कशाला? तुमच्याकडे तर गुलखैरे..."

"आत्यानं सकाळी तोडून टाकले."

मास्तरांच्या हातातलं फडकं खाली पडलं. "तोडले? सगळे?"

"सगळे. बुडापासून. आम्हाला काही कळेनासं झालंय."

ते खुर्चीत बसले. माझ्याकडे बघत होते, पण मी दिसत असेन असं वाटत नव्हतं. "म्हणजे खरंच तोडले," ते म्हणाले. "मला वाटलं, नुसतं म्हणतात." मी कुंड्यांकडे बघत उभी. शेवटी ते म्हणाले, "मग मला यायलाच हवं."

"तुम्ही नका त्रास घेऊ, मीच दोन खेपांत नेते."

"नाही नाही. मलाच यायला हवं. तू जा, बाळ."

मी तशीच रिकाम्या हातानं परत आले. आईनं विचारलं, कुंड्या कुठेत? मी म्हटलं, मास्तर घेऊन येतायत. आई म्हणाली, बरं झालं बाई, सज्जन माणूस. बोलता बोलता माझ्या मनात आलं, आत्यानं 'तोडीन' असं म्हटलेलं मास्तरांना कसं माहीत? पण तेवढ्यात आईनं माझ्या हातात इस्त्रीची साडी दिली आणि ते मनातून गेलं. त्या दिवशी एकेक गोष्ट अशीच येत होती आणि निसटून जात होती.

प्रधान आले. मुकुंद, त्याची आई आणि मामा. प्रधानबाई गोऱ्या, ठसठशीत, बोलायला मोकळ्या. मला त्यांनी प्रश्न फार विचारले नाहीत. विणकाम येतं का, इंग्रजी वाचता का, झालं. कानवला तोंडात टाकून म्हणाल्या, "अगं बाई, विरघळला की हो!" आई फुलली. मुकुंद कानाची पाळी ओढत माझ्याकडे बघायचा आणि मी बघितलं की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. सगळं इतकं छान चाललं होतं की मी सकाळ विसरूनच गेले.

तेवढ्यात खिडकीतून मला साळवे मास्तर दिसले. नेहमी मागच्या गल्लीत दिसणारा माणूस पुढच्या फाटकातून आत आला होता. काळा कोट, पायांत दोन्ही बूट चकचकीत. घराच्या बाजूच्या बोळातून ते मागे गेले. आईनंही बघितलं आणि मला डोळ्यांनी खुणावलं, आले बघ कुंड्या घेऊन. पण त्यांच्या हातात काही नव्हतं, हे मी स्पष्ट पाहिलं होतं.

"चला की आता बागेत," प्रधानबाई पदर सावरत उठल्या. "कधीची वाट बघतेय मी त्या फुलांची. मध्यस्थांनी इतकं वर्णन केलंय!"

"अहो, काय झालं माहितेय का," आई घाईघाईनं म्हणाली, "रोग पडला. तांबेरा. काढून टाकावी लागली सगळी. आता बघण्यासारखं काही..."

"अरेरे! पण बघू तरी, जागा कशी आहे ती. मला बियाणं तरी द्या." बोलता बोलता त्या मागच्या दारापर्यंत पोचल्याही होत्या. त्यांच्यामागे मामा, मुकुंद, बाबा, आई आणि सगळ्यांच्या मागे मी.

आईचा सगळा विचार असा होता की आत्या मागे बसली की कुणाला दिसत नाही. वर्षानुवर्षं तसंच होतं. पण आता मागे काही उरलंच नव्हतं. दारात उभं राहिलं की अंगण थेट शेवटच्या भिंतीपर्यंत उघडं पडलं होतं. तो बंद संडास, बुटकी भिंत, गल्लीचं छोटं दार, सगळं भर उन्हात लख्ख दिसत होतं. आणि संडासाच्या भिंतीला लागून, जिथे कालपर्यंत झाडांची दाट रांग होती त्याच्या बरोबर मागे, एक बाकडं होतं. जुनं, पाठ टेकून टेकून गुळगुळीत झालेलं. ते तिथे आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं; सकाळीसुद्धा ते आडव्या पडलेल्या झाडांखाली दडलेलं होतं.

त्या बाकड्यावर बनूआत्या आणि साळवे मास्तर बसले होते. मध्ये किटली. मास्तरांच्या हातात आमच्या घरची कपबशी, ती निळ्या काठाची, जी आई कुणाला देत नसे.

आम्हाला बघून मास्तर उठायला लागले. कपबशी खुळखुळली.

"बसा हो," आत्या म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आला. "चहा निवेल."

ते बसले. मग एकाएकी माझ्या डोक्यात सगळं धडाधड जागेवर पडायला लागलं. संध्याकाळचं ते बोलणं. ते हसणं. 'नाही म्हणजे नाही, मला हे असलं पटत नाही.' चीनहून निघालेलं फूल आणि घोड्यांचे पाय. आत्या झाडांशी बोलत नव्हती. कधीच बोलत नव्हती. आणि आम्ही तिला वेडी समजत होतो, मी तर सकाळी गोळ्यासुद्धा आणायला निघाले होते!

बाबांनी भिंतीला हात टेकला. आई "हे मागच्या गल्लीतले, ते... कुंड्या..." असं काहीतरी बोलायला लागली आणि तिथेच थांबली. मुकुंदच्या मामांनी घसा खाकरला. मी आत्याकडे बघितलं. ती ताठ बसली होती, हात मांडीवर, आणि कुणाकडेही बघत नव्हती.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव त्यात अडकून राहायला नको. प्रधानांकडून होकार आला नाही. नकारही आला नाही, नुसतं काहीच आलं नाही. मी महिनाभर अंथरुणात तोंड खुपसून रडले आणि बनूआत्याचा मला इतका राग आला की बोलायची सोय नाही. तो राग अजूनही कधीकधी येतो. माझं लग्न तीन वर्षांनी झालं, बरं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लग्नाच्या पंक्तीत कुणी मठ्ठा वाढायला आला की आजही माझं मन क्षणभर ठाण्याला जातं.

यातलं काहीच मला त्या दारात उभं असताना ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. तिथेच, त्या क्षणी, प्रधानबाईंच्या पाठीकडे बघताना मला कळलं होतं की आता सगळं एका उत्तरावर आलंय. आई खोटं बोलू शकत होती. मास्तर शेजारी आहेत, बागेतलं बघायला आलेत, माळीकाम जाणतात. काहीही चाललं असतं. प्रधानबाईंनाही तेच हवं होतं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. कुणीतरी पटकन काहीतरी म्हणावं आणि आपण सगळ्यांनी आत जाऊन बसावं.

"हे कोण?" प्रधानबाईंनी विचारलं.

आईनं बाबांकडे बघितलं, बाबांनी जमिनीकडे. मास्तर कपात बघत होते. आत्यानं आपलं जे करायचं ते केलं होतं, झाडं तोडली होती, मास्तरांना पुढच्या फाटकातून आणून बसवलं होतं. पण हे उत्तर तिला देता येणार नव्हतं. ते घरातल्याच कुणीतरी द्यायला हवं होतं, आणि तिला ते मागता येत नव्हतं. तिनं पहिल्यांदाच मान वर करून आमच्याकडे बघितलं. बाबांकडे नाही. माझ्याकडे.

मुकुंद माझ्या शेजारी उभा होता, इतका जवळ की त्याच्या शर्टाच्या इस्त्रीचा वास येत होता. मी काही ठरवलं नव्हतं. ठरवण्याइतकं माझं डोकं ठिकाणावरच नव्हतं. तो शब्द माझ्या तोंडून कसा गेला, हे इतकी वर्षं झाली तरी मला उमगलेलं नाही.

"हे आमचे आतोबा," मी म्हणाले.

मास्तरांची कपबशी कलंडली. चहा त्यांच्या त्या काळ्या कोटावर सांडला आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

आत्या सकाळपासून कोरडी ठणठणीत होती. आईनं बोल लावला तेव्हा रडली नाही, मी किंचाळले तेव्हा रडली नाही. आता तिनं पदर तोंडाला लावला आणि ती हुंदके देऊन, मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत रडायला लागली. जन्मभर रडायचं झालं की ती मागे जायची. आता जायला मागे काही नव्हतं, सगळी झाडं तिनंच पाडली होती, आणि ती तिथेच, मास्तरांच्या शेजारी बसून रडत राहिली.